गुरुवारचा हेकरू

ठराव एक

मांडवीत जन्मलेल्या आणि उभी नोकरी पोफळीच्या वीजघरात काढलेल्या हरिहर सुर्व्यांनी आयुष्यात एकही मासा पकडला नव्हता. ही बाब निवृत्तीनंतर त्यांच्या लक्षात आली आणि त्यांना ती गंभीर वाटली. पाण्यातून वीज निघताना त्यांनी जन्मभर पाहिली. पाण्यातून कालवण निघताना कधी पाहिलं नाही. तेव्हा जूनची मासेमारीबंदी लागायच्या आत दादूच्या छोट्या होडीतून समुद्रातल्या बाहेरच्या खडपावर, म्हणजे बुडीत खडकांवर जायचं, तिथे कपारीत राहणारा मोठा हेकरू मासा गळाला लावायचा आणि रात्री त्याच्या डोक्याचं कालवण ओरपायचं, असा ठराव त्यांच्या ओटीवर एकमताने संमत झाला. शेजारचा बागायतदार हर्षद, शाळामास्तर गुरुप्रसाद, दातांची डॉक्टर मनस्विनी आणि खुद्द दादू हजर होते.

"आता फक्त वार ठरवायचा," हरिहर म्हणाले.

ठराव एक (दुरुस्त)

"सोमवार सोडून कधीही," हर्षद म्हणाला. सोमवार शंकराचा.

"मंगळवार सोडून," गुरुप्रसाद म्हणाला. मंगळवार गणपतीचा.

"शनिवारी मी नाही हं, काका. साडेसाती आहे," मनस्विनी म्हणाली. दात मात्र ती शनिवारीही उपटते. ते रक्त वैद्यकीय समजलं जातं.

गुरुवार स्वतः हरिहरांचा, दत्ताचा. शुक्रवारचं नाव निघताच आतून हरिहरांच्या पत्नी आनंदीबाई कडाडल्या, "शुक्रवारी माझी विळी उभी राहणार नाही हां! आणलात तर बाहेरच्या बाहेर खाडीत टाकून या!"

उरला बुधवार. दादूने डोकं खाजवलं. "बुधवार आमच्या बापाशीने धरलेला. बापूस गेला, वार माझ्यावर टाकून."

"मग रविवार!"

सगळ्यांनी हरिहरांकडे वळून पाहिलं.

"काका, रविवारी मासे खायचे असतात," हर्षद समजावणीच्या सुरात म्हणाला. "पकडायला सवड कोणाला आहे?"

त्यात भरती-ओहोटीचा प्रश्न. पाण्याला ओढ असली की खडपावर होडी ठरत नाही. पाणी नरम पडतं ते अष्टमीच्या पुढे, म्हणजे एकादशी टेकलेलीच. असा मार्च गेला. एप्रिल आंब्यात गेला. मे महिन्यात मुंबईचे पाहुणे आले. हरिहर रोज संध्याकाळी गळाची नवी कोरी काठी पुसत आणि परत भिंतीला टेकवत.

ठराव एक (दुरुस्तीची दुरुस्ती)

"काका, हल्ली हा खेळ आहे," मनस्विनीने तोडगा काढला. "मासा खात नाहीत. पकडतात, फोटो काढतात आणि सोडून देतात."

"सोडतात? कुठे?" दादूने विचारलं.

"पाण्यात."

"मग तो होताच की पाण्यात!"

गुरुप्रसादचे डोळे मात्र चमकले. खायचं नाही म्हटल्यावर वार कसला? त्याने मसुदा केला: *परत सोडलेला मासा हा पकडलेला समजू नये, सबब उपवास भंगत नाही.* आमिषाला बांगड्याचे तुकडे नकोत, रबरी मासा लावावा. रबरी मासा उपासाला चालतो का, हे त्याने एका जाणकाराला विचारून घेतलं. जाणकार तोच होता.

हवा, पाणी आणि सगळ्यांची सवड जुळली ती मे अखेरच्या गुरुवारी.

"तुमचाच वार आला, काका."

"चालेल. मी कुठे खाणार आहे?" हरिहर उदारपणे म्हणाले. माणूस खेळाडू व्हायला लागला की असं बोलतो.

ठराव एक (समुद्रावर, तोंडी)

काठी वाकली. मागोमाग हरिहर वाकले.

"सोडू नका, काका! सोडू नका!" मासा सोडायला आलेले सगळे एकमुखाने ओरडले.

घाम, शिव्या आणि दत्ताचा धावा यांच्या जोरावर वर आलं ते हेकरूचं तपकिरी, जाड ओठांचं धूड. हरिहरांनी त्याला तान्ह्या बाळासारखं उचललं. फोटो झाला.

"चला, सोडू या," ते जड आवाजात म्हणाले.

कोणी हललं नाही.

"पोट फुगलंय बघा त्याचं," मनस्विनी म्हणाली. "खोलातून वर आला ना. आता सोडणं म्हणजे क्रूरपणा."

"अमानुष," हर्षद म्हणाला. "डोकं केवढं आहे पण!"

न जगणारा मासा पाण्यात टाकणं हा अन्नाचा अपमान आहे, अशी दुरुस्ती गुरुप्रसादने मांडली. दादूने बर्फाची पेटी उघडली. सोडायच्या माशासाठी बर्फ कशाला आणला होता, हे कोणी विचारलं नाही.

हरिहरांच्या मनात जन्मभराचं कालवण उकळू लागलं. "असं करतो," ते हळूच म्हणाले, "एवढ्या वेळेपुरता माझा गुरुवार उद्यावर नेतो. दत्ताला मी समजावतो."

"काका!" हर्षदला धक्काच बसला. "श्रद्धेचा प्रश्न आहे!"

"तुमचा उपास मोडल्याचं पाप आमच्या माथी नको," गुरुप्रसाद म्हणाला.

मनस्विनीने त्यांचा हात हातात घेतला. "तुमच्या भावनेचा आम्हाला आदर आहे, काका."

"मग माझा वाटा उद्याला ठेवा."

"उद्या शुक्रवार. काकींची विळी."

"परवा?"

"परवापर्यंत कुठला राहतोय हेकरू!"

चार विरुद्ध एक अशा मतांनी हरिहरांची श्रद्धा वाचवण्यात आली.

ठराव एक (अंतिम)

रात्री हर्षदच्या स्वयंपाकघरातून कालवणाचा वास थेट हरिहरांच्या ओटीवर आला. त्यांच्या पानात साबुदाण्याची खिचडी होती. फोन वाजला. हरिहर आणि हेकरू यांच्या फोटोखाली मनस्विनीने लिहिलं होतं: 'पकडा, सोडा, निसर्ग जपा!' पसंतीच्या अंगठ्यांची रांग लागली होती. हरिहरांनीही आपला एक उमटवला.

आनंदीबाई दारात आल्या आणि त्यांनी वास घेतला. "बाई गं, हेकरूच तो! आणि आज काही माझा शुक्रवार नाही." त्या वाटी घेऊन हर्षदकडे गेल्या.

वाचकहो, हरिहरांची कीव करायला हरकत नाही. मात्र एवढं वाचून तोंडाला पाणी सुटलं असेल, तर आधी आजचा वार बघा. तुमचा नसेल तर उत्तमच. तुमचा असेल, तर तुमच्या भावनेचा आम्हाला पूर्ण आदर आहे. वाटी इकडे द्या.