सूर्य आला, सासरे राहिले

सूर्योदयाचा फोटो म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी सासऱ्यांना छाती फुगवून सांगितलं आणि तिथंच घोडं अडलं. बोलायची काही गरज होती का? मुळीच नव्हती! मी गोदामात खोकी मोजणारा माणूस. कॅमेरा घेऊन जेमतेम महिना झालेला, आणि तोवर काढलेल्या फोटोंत सगळ्यात बरा आला होता तो आमच्या गिझरचा.

सासरे शिंपी. उभा जन्म शिवणात गेला, आणि आता सोमवारपासून ते दुकान माझ्या बायकोच्या, म्हणजे स्वतःच्या लेकीच्या, हाती सोपवणार होते. गल्ल्याच्या वर त्यांचा मोठा फोटो लावायचा होता. अट एकच. "मागे उगवता सूर्य पाहिजे, पुढे मावळता मी."

त्या फोटोसाठी बायकोनं त्यांना नवा कोट शिवला होता. सासऱ्यांनी तो अंगात घातला, बटणं लावली आणि फक्त "बसतोय" म्हणाले. संपलं! पोरीच्या मनाला ते फार लागलं. आठवडाभर आमच्याकडे भांडी धुतली कमी आणि आपटली जास्त गेली. "दुकान देतायत, पण माझ्या हातावर भरवसा आहे की नाही ते तोंडातून काढत नाहीत," असं ती उठताबसता म्हणे. अशात मी काय करावं? ठरलेल्या फोटोवाल्याला परस्पर नको म्हणून कळवलं. घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला?

शुक्रवारी पहाटे आम्ही गच्चीवर. सूर्य वर आला आणि मी खटाखट फोटो घेतले. काय लाली, काय ढगांच्या कडा! सगळं जिथल्या तिथं. सासरे मात्र नखशिखांत काळे ठिक्कर. त्यांनी कॅमेरा हातभर लांब धरून पाहिला आणि हा कोण म्हणून शांतपणे विचारलं. मी समजावलं, की कॅमेरा सूर्याकडे बघून दिपतो आणि बाकी सगळं अंधारात ढकलतो; यात माझा दोष नाही, एक्स्पोजरचा आहे.

"मग त्याला सांग, माझ्याकडे बघ म्हणून."

शनिवारी सांगितलं. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा उजेड, चांगलं वाढवलं. सासऱ्यांच्या दाढीचे खुंट मोजता येतील असा चेहरा आला आणि सूर्य गायब! मागे नुसतं पांढरं फटक. सासरे म्हणाले, असला फोटो तर बाथरूमच्या टाइल्ससमोर उभं राहून दुपारी जेवल्यावरही काढता आला असता, पहाटे उठवलंस कशाला. बायकोनं फक्त बघितलं, आणि मला घाम फुटला.

उरला रविवार. त्या दिवशी फोटो छापायला गेला नाही, तर ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावावा लागणार होता, आणि त्यात सासरे नुकत्याच पकडलेल्या खिसेकापूसारखे दिसतात. रात्रभर डोकं खाजवून मी तोडगा काढला. दुकानातलं चंदेरी अस्तर आणलं. ते माझ्या बाजूला ताणून धरायचं, म्हणजे सूर्याचा उजेड त्यावरून उलटून सासऱ्यांवर पडेल. मग सूर्यासाठी एक्स्पोजर कमी ठेवलं तरी माणूस काळा पडणार नाही. एक टोक बायकोकडे, एक सासूबाईंकडे.

आणि जमलं हो! सासरे झळकले, सूर्य शाबूत. मी श्वास रोखला. बटण दाबणार, तेवढ्यात सासूबाईंची नजर कोटाच्या खांद्यावर गेली. त्या बाईंचं आयुष्य दुकानात ट्रायलला आलेल्या गिऱ्हाइकांना वळवण्यात गेलेलं. तोंडातून सवयीनं निघून गेलं, "हं, आता पाठ दाखवा बघू."

आणि सासरे निमूटपणे वळले. खट्!

दुसरा फोटो घेईपर्यंत सूर्य ढगात गेला, तो गेलाच. मी मान खाली घालून कॅमेरा सासऱ्यांच्या हाती दिला. एक्स्पोजर असं, की पुस्तकात छापावं. सूर्य, ढग, आणि मधोमध सासऱ्यांची पाठ. बायकोच्या डोळ्यांत पाणीच आलं.

सासऱ्यांनी पुन्हा कॅमेरा हातभर लांब धरला. मग त्यांनी लेकीला जवळ बोलावलं.

"अंगावरच्या कोटाची पाठ मला कधी दिसणार? आज दिसली. एक सुरकुती नाही गं. खांदा तर मलासुद्धा असा साधला नसता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हाच छाप."

बायको रडत रडत हसली, आणि मी स्वतःला मोठा कलावंत समजून घरी आलो.

फोटो आता गल्ल्याच्या वर आहे. गिऱ्हाईक बघतं, शिवणाची तारीफ करतं, आणि कुणी विचारलंच की फोटो कुणी काढला, तर सासरे मोठ्या मायेनं सांगतात, "जावयानं. तोंड तेवढं आलं नाही बिचाऱ्याला."