तात्यांची अब्दागीर

उंब्रजच्या आमच्या गल्लीत दिनकरतात्या भेटले की नमस्काराऐवजी विचारत, ‘‘ऊन कुठनं येतंय?’’ उत्तर चुकलं तर खांद्याला धरून माणसाला फिरवीत आणि सूर्य दाखवीत. मीही फिरलो आहे.

गावदेवीच्या पालखीशेजारी अब्दागीर धरण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. अब्दागीर म्हणजे उंच काठीवरचा, पानाच्या आकाराचा कापडी आडोसा. शब्द फारसीतून आला. आफताब म्हणजे सूर्य, गीर म्हणजे धरणारा. हा अर्थ कळल्यापासून तात्या पालखीबरोबर नुसते शोभेला चालेनात. रस्ता वळला की मिरवणूक तोडून ते सूर्याच्या बाजूला जात.

‘‘तात्या, एका जागी चाला की! फोटोत मधीच येताय.’’

‘‘फोटूला ऊन लागतंय का रं? देवीला लागतंय.’’

पुढे त्यांच्या पत्नीला, सुमनकाकींना, आजार जडला. ऊन लागलं की चेहऱ्यावर चट्टे उठत, ताप चढे. कराडच्या डॉक्टरांनी उन्हापासून जपायला सांगितलं. दवाखान्याला निघताना तात्या काळी छत्री उघडत. पण डोक्यावर नाही, सूर्याच्या बाजूला तिरकी धरत. वळण आलं की काकींभोवती फिरून पलीकडे जात.

कट्ट्यावरची पोरं विचारत, ‘‘तात्या, पालखी कुठं निघाली?’’

‘‘कराडला. मानाची हाय, वाट सोडा.’’

‘‘आवं, गप चाला,’’ काकी म्हणत. ‘‘लोक हसत्यात.’’

‘‘हसू दे. तू सावलीत हायस न्हवं?’’

आजार मूत्रपिंडांपर्यंत गेला. गेल्या चैत्रात काकी वारल्या. मुलगा पुण्याहून पोहोचेपर्यंत दुपार कलली. तिरडी उचलली तेव्हा तात्या घरातून छत्री घेऊन आले. पुतण्याने त्यांचा हात धरला.

‘‘तात्या, आता काकीला ऊन लागत न्हाई.’’

‘‘तुला कोण बोललं?’’

पुतण्याने हात सोडला. तात्या तिरडीच्या उजवीकडून, काकींच्या चेहऱ्यावर सावली धरून चालले. नदीकडे वळताना ऊन डावीकडे आलं. कुणी सांगितलं नाही, पण खांदेकरी थांबले. मागची माणसं थांबली. कट्ट्यावरची पोरंही त्यांत होती. तात्या पुढून वळसा घालून पलीकडे आले, तेव्हा तिरडी हलली.

घाटावर चेहरा लाकडांनी झाकला जाईपर्यंत त्यांनी छत्री धरली होती. मुलाने अग्नी दिला. सगळे हळूहळू लिंबाच्या सावलीला गेले. तात्या तिथेच उन्हात उभे राहिले. छत्री मिटून काखेत होती.