जावई रामशेजवर जाऊन बसला

डॉक्टरांनी रंगनाथला बारा रविवार दिले होते. "तीन महिने चाला, गोड बंद करा, मग पुन्हा रक्त तपासू. शुगर आटोक्यात आली तर ठीक, नाहीतर गोळ्या सुरू," असं ते सहज म्हणाले. रंगनाथच्या वडिलांचंही असंच गोळ्यांवर सुरू झालं होतं. गोळ्यांवरून इंजेक्शन, मग अंगठा, मग पाऊल, असं करत म्हातारा शेवटची चार वर्षं खाटेवर बसून होता. तेव्हापासून रंगनाथ रोज आंघोळ करताना आपल्या पायाची बोटं मोजून घ्यायचा. दहा भरली की त्याला दिवस बरा जायचा.

अकरा रविवार त्यानं डोंगरांना दिले. पांडवलेणी झाली, चामरलेणी झाली, अंजनेरी अर्धी झाली. सोबतीला पाटबंधारे खात्यातला, शेजारच्या टेबलावरचा वाल्मीक असायचा. हा माणूस रोज दोन प्लेट भजी खाऊन काडीसारखा राहिला होता, आणि त्याबद्दल रंगनाथनं त्याला मनातून कधीच माफ केलं नव्हतं. घरी प्रतिभानं साखरेचा डबा कपाटात घालून किल्ली कमरेला लावली होती. शेजारच्यांच्या बारशाचे पेढे तिनं दारातूनच परत पाठवले. तिच्या पहाऱ्यात मुंगीसुद्धा उपाशी राहिली असती.

बाराव्या रविवारी रामशेज ठरला. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं. त्या वर्षी दोन आश्विन आले होते आणि पहिला अधिक होता, म्हणजे धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा जावयाला घरी बोलावून, पुरण भरलेले कणकेचे धोंडे खाऊ घालून, तेहेतीस अनारशांचं वाण देण्याचा महिना. कॅलेंडरवर रंगनाथनं ते वाचलं होतं. पण सासूसासरे दोघंही वारलेले आणि मेहुणा पुण्याला, तेव्हा आपल्याला काही धोका नाही, असा त्याचा हिशेब होता.

पेठ रोडला बसमधून उतरल्यावर वाल्मीक म्हणाला, "रंगनाथराव, आज नेहमीच्या वाटेनं नको. मळ्यांतून जाऊ. ताजी मेथी तरी घेऊन जाऊ घरी."

मेथीची जुडी घ्यायला ते ज्या मळ्यात शिरले, तिथं नवसाबाई नावाची पासष्टीची म्हातारी झेंडू तोडत होती. तिनं मेथी दिली, पाणी दिलं आणि चहा टाकते म्हणाली. खेड्यातला चहा म्हणजे पाक, हे रंगनाथला ठाऊक होतं. तो हात जोडून नको म्हणाला. म्हातारीचा चेहरा उतरला. तेव्हा तिला बरं वाटावं म्हणून तो जाता जाता बोलून गेला, "पुन्हा येऊ की मावशी. आमच्या मंडळींचं माहेर याच अंगाला, पिंपळगावला."

इथं तो संपला.

"पिंपळगावला कुणाची?" नवसाबाईनं ओटीतली फुलं खाली ठेवली.

"मल्हारी मास्तरांची."

"परतिभा?"

"हो," रंगनाथ म्हणाला. आपण काय करून बसलो हे अजून त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आरं माझ्या कर्मा. मल्हारी म्हंजी माझ्या सख्ख्या मावशीचा ल्योक. तुमच्या बायकोची मी आत्या. जावईबापू, असं बांधावर काय उभं ऱ्हायलाय?" तिनं पदर डोक्यावर घेतला आणि वस्तीकडे बघून अशी हाक मारली, की दोन शेतांपलीकडचे बैल माना वर करून बघू लागले.

त्या घराण्यात दोन पिढ्या मुलगी जन्मली नव्हती. नवसाबाईला दोन मुलगे, तिच्या दिराला, कोंडाजीला, चार. कितीतरी धोंड्याचे महिने आले आणि गेले, पण या वस्तीच्या उंबऱ्याला जावयाचा पाय लागला नव्हता. आणि आज, ऐन धोंड्याच्या महिन्यात, एक जावई आपल्या पायांनी चालत, हातात मेथीची जुडी घेऊन आला होता.

ओसरीवर सतरंजी पडली. रंगनाथनं वाल्मीकच्या कानात म्हटलं, "सांगून टाकू का शुगरचं?"

"खुळे का काय? सासरी रोग सांगतात का कुणी? संध्याकाळपर्यंत पिंपळगावला बातमी जाईल, मास्तरांच्या लेकीला रोगट नवरा मिळाला म्हणून." एवढं बोलून वाल्मीक पुढ्यात आलेल्या लाडवाकडे वळला.

तेही खरंच होतं. रंगनाथनं डोकं चालवलं आणि म्हणाला, "आत्या, माझा आज उपवास आहे."

आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा हे या माणसाकडून शिकावं. पाच मिनिटांत उपवासाचं शिकरण आलं, राजगिऱ्याचे लाडू आले, खजूर आला. धोंडेही चुलीवर चढले, कारण नवसाबाईच्या मते धोंडे हा जावयाला उपवासालाही चालणारा पदार्थ होता. "द्येवाचं असतंय ते. त्याला उपास नाय लागत," ती म्हणाली. रंगनाथनं शिकरणाचा एक चमचा तोंडात घातला. अकरा रविवार त्या एका चमच्यात विरघळताना त्याला जाणवले.

तोच कोंडाजी आला. दीर-भावजयीचं विहिरीच्या पाळीवरून सहा वर्षं बोलणं नव्हतं. एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून मधे एरंडाची रांगसुद्धा लावली होती. कोंडाजी भावजयीकडे न बघता थेट रंगनाथला म्हणाला, "जावई एका चुलीचा नसतो, घराण्याचा असतो. आमच्याकडं चला."

"जाऊ देत की, पण आधी इथलं धोंडं खाऊन," नवसाबाई खांबाला म्हणाली.

"इथं दोन खाल्लं तर आमच्याकडं तीन खावं लागतील," कोंडाजीनं समोरच्या शेळीला सांगितलं.

नवसाबाईकडचे दोन धोंडे तुपासकट पोटात गेले. तिसरा ताटात येत होता, तेव्हा रंगनाथ घाईनं उठला. "आता निघतो. वर किल्ल्यावर जायचंय."

"कशाला?" दोन्ही घरांनी एकदमच विचारलं.

"चालायला."

कुणाला काही कळेना. वर गुरं नाहीत, नवस नाही, लाकूडफाटा नाही, मग माणूस डोंगर कशाला चढेल? शेवटी कोंडाजीनं यातून एकच अर्थ काढला, की शहरातल्या जावयाला वाहन मिळालेलं नाही. त्यानं ट्रॅक्टर काढला. कोंडाजीचं घर दोनशे पावलांवर होतं, पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला पायी नेलं असतं तर सात गावांत तोंड दाखवायला जागा उरली नसती. रंगनाथ ट्रॉलीत खुर्चीवर बसून दोनशे पावलं गेला. रामशेज हाताच्या अंतरावर दिसत होता, पिवळ्या सोनकीच्या फुलांनी भरलेला, आणि त्याला रडू येत होतं.

कोंडाजीच्या घरी तीन धोंडे वाढून तयार होते. पण तिथं फोनही होता. बुडत्याला काडीचा आधार. रंगनाथनं घर लावलं आणि तोंडाशी हात धरून सांगितलं, "प्रतिभा, मी रामशेजखाली सापडलोय. तुझ्या आत्याकडे. लगेच ये आणि मला घेऊन जा. इथं सगळं गोड आहे."

मग ताटावर हात धरून तो प्रतिभाची वाट बघू लागला. पेढ्यांना दारातून परत पाठवणारी बाई येणार होती. ती ओसरीवर उभी राहील, कमरेवर हात ठेवील आणि ताटं आत जातील, असं चित्र त्यानं दीड तास डोळ्यांसमोर धरून ठेवलं.

एक वाजता प्रतिभा काळीपिवळी जीपमधून उतरली. जावयाच्या मागोमाग एरंडाची रांग ओलांडून आलेल्या नवसाबाईनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "आगं, तुझ्या बारशाला पाळण्याची दोरी म्या धरली व्हती." बस्स. प्रतिभाचे आई-वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षांत तिचा चेहरा कुणी असा धरला नव्हता. ती ढसाढसा रडली. डोळे पुसून ती नवऱ्याशेजारी पाटावर बसली. दोघांच्या कपाळाला कुंकू लागलं, लक्ष्मीनारायणाचा जोडा म्हणून पाय धुतले गेले.

पाय धुताना नवसाबाईनं रंगनाथची बोटं एकेक करून पुसली. रंगनाथनं ती मोजली. दहा होती.

"प्रतिभा," तो हळूच म्हणाला, "उद्या रक्त द्यायचंय."

"घ्या हो," प्रतिभा म्हणाली. "किती मायेनं करतायत. एका दिवसानं काय होतंय?"

भरवशाच्या म्हशीला टोणगा. रंगनाथनं तिसरा धोंडा खाल्ला, चौथा खाल्ला, पाचवा खाल्ला. बासुंदीची वाटी येताना दिसली तेव्हा मात्र तो "हात धुऊन आलो" म्हणून उठला, गोठ्यामागं गेला, आणि तिथून जो सुटला तो मळे, ओढा, करवंदीची जाळी ओलांडून थेट डोंगराच्या पायऱ्यांना भिडला. अकरा रविवारांत तो दर पन्नास पावलांना दम खायला बसत असे. त्या दुपारी तो रामाच्या मंदिराशीसुद्धा थांबला नाही, तिथूनच हात जोडून पुढं गेला. वरच्या पठारावर पोचून, बूट काढून तो कड्याजवळ बसला. एकटा. मग त्याला खालून माणसं येताना दिसली.

जावई जेवता जेवता उठून डोंगरावर गेला, याचा वस्तीनं सरळ अर्थ लावला होता. जावई रुसला. लग्नात जावई रुसतो, त्याला अंगठी द्यावी लागते, समजूत काढावी लागते, हे सगळ्यांना माहीत होतं. डोंगरावर जाऊन रुसणारा जावई कुणी पाहिला नव्हता, पण शहरातला असेल तसा, असं म्हणून सगळे निघाले. पुढं अनवाणी नवसाबाई, मागं कोंडाजी, त्याच्या मागं प्रतिभा धापा टाकत, आणि शेवटी हातात बासुंदीचा डबा घेतलेला वाल्मीक. डबा वाटेत निम्मा झाला होता.

वाटेत कोंडाजी म्हणाला, "वयनी, तुमच्या शिकरणात केळं कमी व्हती. त्यानंच बिनसलं."

सहा वर्षांत तो तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

"आन तुमच्या ट्रॅक्टरनं त्यांची हाडं खिळखिळी केली ते?" नवसाबाई म्हणाली. अशी भांडत भांडत, एकमेकांना हात देत दोघं वर आली.

"जावईबापू, काय चुकलं आमचं?" नवसाबाई त्याच्यापुढं बसली. "अंगठी पायजे का? माझी हाय, पन जरा पातळ हाय." कोंडाजी मुकाट्यानं मनगटावरचं घड्याळ सोडायला लागला.

रंगनाथला ते बघवेना. लाज, सासर, पिंपळगाव, सगळं गेलं चुलीत. त्यानं सगळं सांगितलं. शुगर सांगितली, उद्याचं रक्त सांगितलं, बापाचा अंगठा आणि पाऊल सांगितलं. "मला भीती वाटते हो आत्या," तो म्हणाला, "तुम्ही पाय धुतलेत तेव्हाही मी बोटंच मोजत होतो." बोलता बोलता त्याला रडू फुटलं. प्रतिभानं पदर तोंडाला लावला. वाल्मीकनं डब्याचं झाकण लावलं.

मग नवसाबाई म्हणाली, "हे आधी न्हाई का बोलायचं? आम्ही काय परके हाओत?" आणि उठली. "पन वाण तर द्यावंच लागंल. जावई वाणाबिगर धाडला तर घराला दोष लागतोय."

"आमचंबी," कोंडाजी म्हणाला.

परतीच्या जीपमध्ये रंगनाथच्या मांडीवर नव्या कापडात बांधलेली दोन गाठोडी होती. तेहेतीस अधिक तेहेतीस, सहासष्ट अनारसे, असा विचार करत तो शहरात शिरताना द्वारका चौकाच्या सिग्नलला डोळे मिटून बसला. ऑफिसात वाटून टाकू, असं त्यानं ठरवलं.

घरी आल्यावर प्रतिभानं नवसाबाईचं गाठोडं सोडलं. आत कारली होती. हिरवीगार, काटेरी, तेलाचा हात लावून पुसलेली, आणि मोजून तेहेतीस. त्यांच्यावर हळदकुंकू वाहिलेलं होतं आणि मधे वाणाचा दिवा होता. रंगनाथ पाटावर बसला आणि त्यानं एक कारलं उचलून गालाला लावलं. आईनंतर इतकं कुणी त्याच्यासाठी केलं नव्हतं.

प्रतिभानं दुसरं गाठोडं सोडलं. त्यातही कारलीच होती. कोंडाजीनं भावजयीपेक्षा एक जास्त घातलं होतं.

"थोडी वाल्मीकला देऊ," रंगनाथ म्हणाला. "थोडी ऑफिसात."

"भलतंच," प्रतिभा म्हणाली. तिच्या आवाजात पेढे परत पाठवणारी बाई परत आली होती. "वाण आहे ते. जावयानं एकट्यानं संपवायचं असतं. दुसऱ्याला दिलं तर माझ्या माहेराला दोष लागेल." आणि तिनं सुरी काढली.

सोमवारी सकाळी त्यानं रक्त दिलं, संध्याकाळी रिपोर्ट आला. आकडा बरोब्बर रेषेवर होता, ना अलीकडं ना पलीकडं. डॉक्टरांनी चष्मा वर केला. "गोळ्या नकोत इतक्यात. अजून तीन महिने बघू. पण काल काय खाल्लंत ते खरं सांगा."

"पाच धोंडे," रंगनाथ म्हणाला.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि लिहायला पेन उचललं. "आणि इथून पुढं काय खाणार आहात?"

"सहासष्ट कारली," रंगनाथ खाली बघून म्हणाला. "एक काल जेवताना झालं."