न फिरकलेले गडी

कल्याणात आट्यापाट्यांचा डाव रंगला की सारं गाव धावणाऱ्या गड्याकडे पाही. आमचे शेजारी विष्णुपंत वैद्य मात्र पाटीवर नुसत्या उभ्या असलेल्या माणसाकडे टक लावून बसत. कुणी साऱ्या पाट्या ओलांडून लोण आणलं, टाळ्या पडल्या, तरी त्यांची मान वळत नसे. "किती मारले ते सांगू नका," ते म्हणत, "किती जण फिरकलेच नाहीत, ते सांगा."

हा नियम ते कुठेही लावीत. एकदा मी म्हटलं, "तुमचा कुत्रा भुंकतही नाही." पंत म्हणाले, "चोर आला होता का?" स्वतःच्या दवाखान्यात दिवसभर कुणी आलं नाही, की संध्याकाळी खुशीत सांगत, "औषध लागू पडलं."

त्या साली ठाणेकरांशी सामना ठरला. मी पहिल्या पाटीवर असे. मधली उभी पाटी आमच्या म्होरक्याची, सखारामची. तिसरीवर रघू, मिठागरात राबणारा आगरी गडी, अंगानं आडवा, तोंडानं मुका म्हणावा असा. हंगामभरात त्याच्या हातून दोनच गडी मेले होते, म्हणून सखारामनं त्याला या सामन्यात बाहेर बसवलं. हे कळताच पंत धोतर खोचून तिसऱ्या पाटीवर येऊन उभे राहिले.

"पंत, सरका. डाव सुरू करायचाय," सखाराम म्हणाला.

"करा की. रघू नसेल तर मी धरतो पाटी."

शेवटी चौघांनी त्यांना उचलून कडेला नेऊन ठेवलं.

पहिल्याच डावात ठाणेकरांनी तिसऱ्या पाटीवरून तीन लोणं नेली. आमची दोनच झाली. सखाराम बराच वेळ पायाची माती झाडत बसला. मग खाली मान घालून म्हणाला, "रघूला बोलवा."

दुसऱ्या डावात ठाणेकर तिसऱ्या पाटीपाशी येत, रघूचे पसरलेले हात पाहत, डावीकडे जात, उजवीकडे येत, घुटमळत. तेवढ्यात मागून सखारामची थाप बसे. रघूनं एकालाही मारलं नाही. पण एकही लोण गेलं नाही. आम्ही जेमतेम एका लोणानं जिंकलो आणि मी जमिनीवर बसकण मारून छातीभर श्वास घेतला.

गावानं सखारामला खांद्यावर घेतलं. रघू खाडीच्या बांधावर एकटाच बसला होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो, तर पंत आधीच त्याच्याशेजारी टेकलेले.

"आमची ही होती ना," ते सांगत होते, "तीस वर्षं मला वाटायचं, ही घरात काही करत नाही. ती गेली आणि दोन महिन्यांत आम्हा तिघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या. तोवर घरात एक भांडण ऐकलं नव्हतं मी."

रघू हळूच म्हणाला, "मना पन वाटाचा, मी कायेच करीत नाय."

"म्हणून तर आलो," पंत म्हणाले. "तिला सांगायचं राहून गेलं."

रघूनं माझ्या हातातला तांब्या घेतला आणि आधी पंतांपुढे धरला.