पणजोबा गिरणीत मॅनेजर होते

नरहरीभाऊ चुरींना फक्त एक साल हवं होतं.

त्याचं असं झालं, की आगाशीच्या ज्ञातिमंडळाला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि मंडळाचा चिटणीस प्रीतम स्मरणिका काढत होता. तिच्यात 'आमचे कर्तबगार पूर्वज' असा एक विभाग होता. प्रीतमने फोन केला, "काका, तुमच्या पणजोबांवर दोनशे शब्द द्या. मॅनेजर होते ना ते?"

"कापडगिरणीचे," नरहरीभाऊंनी भर घातली. नुसतं मॅनेजर म्हटलं की लोकांना हल्ली हॉटेलचा वाटतो.

"कधी देता?"

"परवा."

तो परवा पुढे पाच महिन्यांनी उजाडला.

नरहरीभाऊ त्याच दिवशी लिहायला बसले होते. पहिलं वाक्य झोकात सुरू झालं : 'आमचे पणजोबा कै. दाजीबा नारायण चुरी हे मुंबईतील गोकुळचंद मिलमध्ये सन...' आणि पेन अडलं. सन कुठला?

"टाका ना कुठलं तरी," मालनताई कारल्याच्या बिया काढता काढता म्हणाल्या. "कोण तपासायला बसलंय?"

"इतिहासाला पुरावा लागतो," नरहरीभाऊ म्हणाले. (छत्तीस वर्षं पंचायत समितीत आवक-जावक सांभाळलेला माणूस. पुराव्याशिवाय त्यांनी घरातलं झुरळसुद्धा कधी मान्य केलं नव्हतं.)

पुराव्याच्या शोधात ते आधी हंसाआत्याकडे गेले. आत्या नव्वदीची, कानाने जरा कमी, पण आठवणींचं कपाट शाबूत.

"होता ना माझा आजा गिरनीत!" आत्या म्हणाली. "त्याच्याशिवाय गिरनीचं पान हालत नव्हतं. त्याने दोरी ओढली की दोन हजार मानसं कामाला लागायची. परत ओढली की घरी जायची."

'गिरणीची सर्व सूत्रे दाजीबांच्या हाती होती,' नरहरीभाऊंनी वहीत लिहून घेतलं.

"आणि शेट?"

"शेट काय करनार? त्याला पन थांबावंच लागायचं."

'मालकही त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते.' नरहरीभाऊंचा ऊर भरून आला. "साल कुठलं, आत्या?"

"साल मला काय ठाऊक? मी तर जन्मले पन नव्हते!"

मग मुलीने, क्षितिजाने, त्यांना लॅपटॉपवर जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांची एक वेबसाइट काढून दिली. "बाबा, इथे आडनाव टाका. शंभर वर्षांपूर्वीचा पेपर समोर येतो."

नरहरीभाऊंनी एका बोटाने इंग्रजीत 'चुरी' टाइप केलं आणि तीनशे बारा बातम्या आल्या. त्यांना भरून आलं. आपलं घराणं मोठं आहे हे माहीत होतं, पण तीनशे बारा? त्यांनी पहिली बातमी उघडली. आरोपीने चुरीने वार केला होता. दुसरीत चुरी रक्ताने माखलेली होती. तिसरीत ती विहिरीत सापडली. इंग्रजांच्या पोलिसांनी हिंदीतल्या छुरीचं स्पेलिंग असं केलं होतं, हे लक्षात येईपर्यंत नरहरीभाऊंनी सतरा खून वाचले.

"माणसं कर्तबगार होती हो तुमच्यात," मालनताई मागे उभ्या राहून वाचत होत्या. "लग्नाच्या वेळी कोणी बोललं नाही."

तरी नरहरीभाऊ हटले नाहीत. खरं म्हणजे आता त्यांना चटकच लागली होती. एकेका बातमीत अडकून ते तास तास बसत. कुठल्याशा बोटीतून हत्ती उतरवताना काय झालं, १९११ साली आंबे कसे होते, सगळं त्यांना ठाऊक झालं. जेवताना ते मध्येच म्हणत, "भायखळ्याला ट्रामचा घोडा बिथरला." मालनताई घाबरून विचारत, "कधी?" "अठराशे ब्याऐंशी."

शेवटी कोणीतरी त्यांना पापडीच्या वॉल्टर सरांचं नाव सांगितलं. वॉल्टर सर निवृत्त शिक्षक. वसईतल्या जुन्या घराण्यांच्या वंशावळी काढणं हा त्यांचा उद्योग. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"नरहरीभाऊ, इंग्रजी पेपरात साहेबाची बातमी येते," ते म्हणाले. "आपल्या माणसाची बातमी आपल्या पेपरात. गिरणगावातून तेव्हा एक मराठी साप्ताहिक निघायचं. त्याचे अंक मुंबईत एका जुन्या ग्रंथालयात आहेत. मी चिठ्ठी देतो. मात्र एक सांगू? शोधायला जाताना काय सापडायला हवं ते ठरवून जायचं नसतं."

नरहरीभाऊंनी चिठ्ठी घेतली, सल्ला तिथेच ठेवला.

दरम्यान प्रीतमचा धीर सुटत चालला होता. "काका, मेळाव्याची निमंत्रणपत्रिका छापायला टाकतोय. 'गिरणी मॅनेजर कै. दाजीबा चुरी यांच्या छायाचित्राचे अनावरण' असं घालतो. फोटो मिळेल ना?"

"मिळेल म्हणजे काय," नरहरीभाऊ म्हणाले, आणि अशा रीतीने नसलेल्या फोटोचं अनावरण पाचशे पत्रिकांवर छापलं गेलं.

ग्रंथालयात जायच्या दिवशी मालनताईही निघाल्या. त्यांना दादरला परकर घ्यायचे होते. पण दुकानं उघडायला वेळ होता, म्हणून त्याही टेबलाशी येऊन बसल्या. ग्रंथपाल जोआना माणिकपूरची निघाली. तिने सुताने बांधलेली भलीमोठी बाडं आणून ठेवली आणि बजावलं, "काका, पान अलगद उलटा. पेन नको, पेन्सिल. आणि प्लीज, बोटाला थुंकी लावायची नाही." (नरहरीभाऊंचं बोट तोवर ओठापर्यंत पोहोचलं होतं.)

दोघांनी एकेक बाड घेतलं. तासाभराने मालनताई म्हणाल्या, "अहो, गोकुळचंद मिल."

नरहरीभाऊ खुर्चीतून अर्धे उठले. "कुठे? मॅनेजर लिहिलंय का?"

"लिहिलंय. 'मिलचे मॅनेजर रा. रा.'..." मालनताई थांबल्या. चष्मा पुसून पुन्हा वाचू लागल्या. "'रा. रा. हरी काशिनाथ राऊत, राहणार बोळिंज.'"

"राऊत कसे असतील? नीट बघ."

"नीटच बघतेय. हरी काशिनाथ म्हणजे आमचे पणजोबा! माझ्या बाबांचे आजोबा! ते मुंबईला कुठेतरी मोठ्या हुद्द्यावर होते एवढंच आम्ही ऐकलं होतं."

नरहरीभाऊ बोळिंजचे जावई. सासुरवाडीबद्दल त्यांची मतं ठाम होती आणि त्यांत मॅनेजर बसत नव्हता. "मग त्यांच्या आधी दाजीबा असतील," ते म्हणाले. "किंवा नंतर."

"नाही हो, त्यांच्याच वेळी आहेत. खालीच नाव आहे." आणि मालनताईंनी वाचायला सुरुवात केली. ग्रंथालयात हळू बोलायचं असतं हे त्या विसरल्या.

"'गेल्या शनिवारी सायंकाळी सहाचा भोंगा साडेचारलाच वाजल्यामुळे गोकुळचंद मिलमधील दोन हजार मजूर यंत्रे थांबवून घरी चालते झाले. शेजारील दोन गिरण्यांतील मजुरांनीही हाच भोंगा प्रमाण मानला. चौकशीअंती असे कळते, की भोंगेवाला दाजी नारायण चुरी, राहणार आगाशी, यास गावच्या जत्रेकरिता विरारची गाडी गाठावयाची होती. मॅनेजर रा. रा. राऊत यांनी त्यास तत्काळ कामावरून दूर केले.'"

पलीकडे जोआना कपाटात तोंड घालून काहीतरी शोधत होती. तिचे खांदे हलत होते.

"दोरी," नरहरीभाऊ पुटपुटले. "भोंग्याची दोरी."

"म्हणजे माझ्या पणजोबांनी तुमच्या पणजोबांना काढून टाकलं," मालनताई म्हणाल्या.

"दिसतंय खरं."

"योग्य केलं."

आणखी दोन बाडं उलटल्यावर आधीच्या वर्षीच्या दिवाळी अंकात फोटोही मिळाला. खुर्चीत पगडी, उपरणं आणि करारी मुद्रा असलेले मॅनेजर राऊत. त्यांच्या मागे, उघडी छत्री त्यांच्या डोक्यावर धरून, कोणाचंही लक्ष जाऊ नये अशा बेताने उभे असलेले दाजीबा. नाक थेट नरहरीभाऊंचं. शंकेला जागाच उरली नव्हती.

परतल्यावर नरहरीभाऊ तीन दिवस वाडीत केळींच्या रांगेत नुसते फिरत होते. पाचशे पत्रिका. अनावरण. हंसाआत्याला तर नवं लुगडंसुद्धा घेऊन झालं होतं. गप्प बसावं हा एक मार्ग होता. कोण तपासायला बसलंय? पण हेच वाक्य पाच महिन्यांपूर्वी ऐकून आपण काय उत्तर दिलं होतं, तेही त्यांना आठवत होतं.

चौथ्या दिवशी क्षितिजा येऊन शेजारी उभी राहिली. "बाबा, मला एक सांगा. तेव्हा मुंबईत मॅनेजर किती असतील?"

"असतील शे-दोनशे."

"आणि तीन गिरण्या दीड तास आधी सोडणारे किती?"

नरहरीभाऊंनी या बाजूने पाहिलंच नव्हतं. ते विचार करू लागले. शनिवारची साडेचारची वेळ. एरवी अंधार पडल्यावर घरी येणारी ती माणसं त्या दिवशी उन्हात बाहेर पडली असतील. कोणी चौपाटीवर गेलं असेल. कोणाच्या बायकोने दारात बघून 'काय झालं?' म्हणून विचारलं असेल. आणि ज्याने हे घडवलं तो माणूस जत्रेच्या ओढीने एव्हाना बोरिवलीच्या पुढे गेला असेल. नोकरी गेली म्हणून तो आगाशीला राहिला. राहिला म्हणून ही वाडी लागली. ते ज्या केळीला हात लावून उभे होते, तिच्याकडे बघत राहिले.

त्या दुपारी त्यांनी लिहायला घेतलं. दोनशे शब्दांची चार पानं झाली. सगळं खरं लिहिलं, भोंगा, जत्रा, राऊतांनी काढून टाकलं तेसुद्धा. मेळाव्यात त्या फोटोचं अनावरण झाल्यावर त्यांनी तो लेख वाचून दाखवला तेव्हा लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. हंसाआत्या पुढच्या रांगेतून मोठ्याने म्हणाली, "मी हेच तर सांगत होते! दोरीच ओढायचा तो!" वॉल्टर सरांनी मागून हात वर करून टाळ्या वाजवल्या. गेल्या पंच्याहत्तर वर्षांत मंडळात कोणत्याही मॅनेजरसाठी एवढ्या टाळ्या पडल्या नसतील, असं नरहरीभाऊंचं मत झालं.

समारंभानंतर स्मरणिका घरोघर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मेळाव्याला न आलेल्यांचे फोन सुरू झाले.

"काका, फोटो छान आलाय," अर्नाळ्याहून पुतण्याचा फोन आला, "पण जरा खंगल्यासारखे दिसताय."

"नरहरी, शुगर तपासून घे रे," भुईगावच्या मावसभावाने सुचवलं.

नरहरीभाऊंना कळेना. त्यांनी स्मरणिका उघडली. पूर्ण पानभर तो गिरणीतला फोटो होता आणि खाली प्रीतमने ठळक अक्षरांत छापलं होतं : 'खुर्चीत : सौ. मालन चुरी यांचे पणजोबा, मॅनेजर कै. हरी काशिनाथ राऊत. मागे छत्री धरून उभे : श्री. नरहरी चुरी.'

त्यांनी तणतणत प्रीतमला फोन लावला. प्रीतमने शंभरदा माफी मागितली, मंडळाच्या पुढच्या पत्रकात दुरुस्ती छापायचं कबूल केलं. नरहरीभाऊंनी फोन ठेवला आणि न्यायासाठी बायकोकडे पाहिलं.

मालनताईंनी स्मरणिका हातात घेतली, फोटो लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला.

"नाव चुकलंय खरं," त्या म्हणाल्या. "जागा बरोबर आहे."