कायम जतन, वर्ग एक

अभिलेख कक्षात चौतीस वर्षं सेवा करून मी निवृत्त झालो, तेव्हा एकही कागद गहाळ केला नाही असा दाखला मला मिळाला. आठवडाभर मी घरात नुसता बसून होतो. आठव्या दिवशी पत्नी म्हणाली, रिकामे आहातच, तर मसाल्यांचं कपाट तेवढं आवरून द्या. पुढे जे घडलं त्याला ही तोंडी सूचना कारणीभूत आहे, हे सुरुवातीलाच नमूद करतो.

कपाटात एकतीस बरण्या होत्या आणि एकीवरही नाव नव्हतं. धने कॉफीच्या बाटलीत, मिरी औषधाच्या बाटलीत, तमालपत्रं बिस्किटांच्या डब्यात. कुठे काय आहे हे कसं ओळखतेस, असं विचारल्यावर पत्नीने एक झाकण उघडून बाटली माझ्या नाकाला लावली. वास हा पुरावा होऊ शकत नाही, हे मी तिला शांतपणे समजावलं. तिने कपाळाला हात लावला.

मसाल्याचे शत्रू चार: उजेड, हवा, ओल आणि उष्णता. अभ्यासाअंती मला पाचवा सापडला, तो म्हणजे स्वयंपाक. बरणी जितक्या वेळा उघडावी तितका वास उडतो, आणि ती उघडण्याचं दुसरं कोणतंही कारण घरात आढळलं नाही. म्हणून सगळ्या बरण्या माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात हलवल्या, प्रत्येकीवर नाव, क्रमांक आणि तारीख डकवली आणि झाकणांना मोहोर लावली. मागणी अर्ज दोन प्रतींत, आदल्या दिवशी दुपारी चारच्या आत.

पत्नीने तीन दिवस अर्ज भरले. चौथ्या दिवसापासून सगळं नुसत्या मिठावर होऊ लागलं, आणि मुलगी कामावरून येताना बाहेरच खाऊन येऊ लागली. माझ्या मते व्यवस्था रुळत होती. त्यानंतरच्या महिनाभरात चमचाभर जिरंसुद्धा खर्ची पडलं नव्हतं.

एकतिसावी बरणी मात्र वेगळी होती. तीत आईच्या हातचा मसाला होता. आई ब्याऐंशी वर्षांची. हात थरथरायला लागल्यापासून तिने मसाला केलेला नाही, म्हणजे ही शेवटची बरणी. पत्नीनेही ती संपेल या धास्तीने चार वर्षं मागच्या रांगेत न उघडता ठेवली होती. या एका बाबतीत आमचं एकमत होतं. मी तिला ‘कायम जतन, वर्ग एक’ हा दर्जा दिला.

त्याच सुमारास आई तापातून उठली आणि तिची अन्नावरची वासनाच उडाली. डॉक्टर म्हणाले, मागेल ते द्या, पण पोटात काहीतरी जाऊ द्या. आईने मागितलं तेही एवढंसंच.

"माझ्या मसाल्याची चिमूट घाल रे भाजीत. तोंडाला चव नाही."

विनंती रास्त होती. परंतु माल संपण्याआधी कृती लेखी असायला हवी, म्हणून मी वही घेऊन उशाशी बसलो. धने किती? अंदाजाने. भाजायचे किती वेळ? वास सुटेपर्यंत. मी रकान्यात ‘अंदाज’ असं लिहिलं आणि त्याचं माप विचारलं. आईने डोळे मिटून घेतले. दमली असावी.

दरम्यान पत्नीने बाजारातून मसाल्याची पुडी आणून पाहिली. आईने पहिल्याच घासाला ओळखलं आणि ताट सरकवलं.

मग अर्ज आला. वर्ग एकसाठी अर्जदाराची सही लागते. आईची सही मी तिच्या जुन्या ओळखपत्रावरच्या सहीशी ताडून पाहिली, जुळली नाही. दुसरीही जुळली नाही. तिसऱ्या वेळी पेन तिच्या हातातून पांघरुणावर पडलं.

"बाबा, आजी तुमच्या समोर बसलीये. सही कसली ताडताय?" मुलगी म्हणाली.

समोर कोण आहे याबद्दल शंका नाहीच, प्रश्न कागदावर कोण आहे हा आहे, असं मी तिला सांगितलं.

"अहो, त्यांचं ताट मी रोज भरलेलंच उचलतेय," पत्नी म्हणाली. "किल्ली द्या."

किल्ली मी दिली नाही, पण प्रकरणावर ‘तातडीचे’ असा शेरा मारला. सहीऐवजी अंगठा चालतो हे नवव्या दिवशी एका जुन्या परिपत्रकात सापडलं. तोवर आई दोन घोट दुधावर आली होती.

दोन साक्षीदारांसमक्ष मी मोहोर तोडली. मसाला काठोकाठ होता, कणभरही कमी झालेला नव्हता. पत्नीने बरणी नाकाशी नेली आणि माझ्या हातात परत दिली. मीही वास घेतला. लेबलाच्या डिंकाचा वास येत होता.

भाजी झाली. आईने एक घास घेतला आणि बराच वेळ तोंडात घोळवला.

"कोणाचा रे हा मसाला?"

मी बरणी तिच्यापुढे धरली. तिचं नाव, क्रमांक, तारीख. तिने चष्मा लावून सगळं नीट वाचलं.

"लिहिलंय म्हणजे माझाच असेल," ती म्हणाली, आणि ताट बाजूला ठेवलं.

मला रडू आलं. ते कुठल्या रकान्यात लिहायचं, ते कळेना.

या निवेदनाला तुम्ही हसाल, त्याला माझी हरकत नाही. फक्त त्याआधी आपल्या स्वयंपाकघरात जा आणि मागच्या रांगेतली, संपेल म्हणून कधी न उघडलेली ती बरणी खाली काढा. ज्यांनी ती भरून दिली ते अजून जेवत असतील, तर आजच उघडा. अर्जाची गरज नाही.