हाराचं रिडक्शन

रविवारी बायको अंघोळीला गेली आणि तेवढ्यात रसायनशास्त्राच्या सरांनी घोटाळा करून ठेवला. टेबलावर थोरल्या मेहुणीचा, म्हणजे ताईंचा, चांदीचा हार होता. बायकोने तो एका समारंभापुरता मागून आणला होता आणि संध्याकाळी ताई स्वतः न्यायला येणार होत्या. हाराचा काळेपणा बघून सरांना दया आली. त्यांनी पातेल्यात ॲल्युमिनियमचा कागद अंथरला, खायचा सोडा टाकला, कढत पाणी ओतलं आणि हार बुडवला. बघता बघता तो लखलखला.

"अहो, हे काय केलंत!" डोक्याला टॉवेल गुंडाळलेली बायको ओरडली.

"रिडक्शन! ॲल्युमिनियमने इलेक्ट्रॉन सोडले, चांदीने घेतले. दोन ॲल्युमिनियमला सहा चांदी. समीकरण बघ कसं चोख जुळतं!"

"तो काळाच असतो! ऑक्सिडाइज्ड हार आहे तो!"

"ऑक्साइड नव्हे, सल्फाइड," सर सवयीने बोलून गेले.

बायकोने असं पाहिलं की पुढचा खुलासा त्यांनी गिळला. "ताई जन्मभर ऐकवेल मला. संध्याकाळच्या आत होता तसा करून द्या."

सर डगमगले नाहीत. चांदीने घेतलेले इलेक्ट्रॉन परत काढून घ्यायचे, एवढंच. त्याला गंधक हवं, आणि ते अंड्यात असतंच. त्यांनी घरातली झाडून सगळी अंडी उकडून गरमागरम कुस्करली. दिवाणखान्यातलं काचेचं कपाट घट्ट बंद व्हायचं. त्यात हार टांगला, खाली पातेलं ठेवलं, दार लावलं आणि सर निवांत पेपर तपासत बसले.

उन्हं कलल्यावर दार उघडलं तेव्हा वासाने डोळ्यांत पाणी आलं, पण हार काळा झाला होता. सरांनी फुलांचे उठाव फडक्याने पुसले. खाचांत काळं, वर चकाकी, हुबेहूब पहिल्यासारखं. मग त्यांचं लक्ष कपाटातल्या मागच्या फळीकडे गेलं. बायकोच्या चांदीच्या वाट्या, पेले, चमचे, सगळे काळे ठिक्कर!

"माझ्या आईने दिलेल्या वाट्या!" बायको किंचाळली आणि दारावरची बेल वाजली.

ताईंनी हार गळ्यात घालून आरशात पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली. बायकोचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ताईंना कपाट दिसलं. "अगंबाई, अख्खा सेट ऑक्सिडाइज्ड? केवढा सुरेख! कुठून करून घेतलास?"

"ह्यांनीच केला, घरी." बायकोची मान ताठ झाली.

"भाऊजी, कसं केलंत हो? नीट सांगा ना मला."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासुरवाडीच्या एकाही माणसाने सरांना रसायनशास्त्रातलं काही विचारलं नव्हतं. त्यांना अगदी भरून आलं. बायकोने डोळे वटारले, पायावर पाय दिला, सगळं व्यर्थ.

"अगदी सोपं आहे, ताई. आधी तुमच्या हाराचं रिडक्शन झालं. तो पार पांढराफटक पडला. मग मी अंडी..."

दोन्ही समीकरणं कागदावर जुळवून झाल्यावरच सर थांबले. ताईंनी शांतपणे हार काढला, हुंगला आणि टेबलावर ठेवला.

"भाऊजी, हा राहू द्या तुमच्याकडेच. मला नवा घेऊन द्या. दुकानातला."

सरांनी समीकरणांच्या कागदाची घडी घातली. बायकोने मात्र हार अलगद उचलला, गळ्यात घातला आणि आरशासमोर उभी राहिली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा चेहरा खुलला. वासाबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती.